हेडलाइटची वायरिंग घरच्या घरी

आमच्या गाडीचा नंबर एमएच २५ ने सुरू होतो आणि तिचे वय अठरा वर्षे आहे. एवढ्या जुन्या छोट्या गाडीला दिवे असतात, उजेड मात्र बेताचाच. परांड्यातल्या परांड्यात फिरताना त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी अम्मींचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा बार्शी. वेळ दुपारची, त्यामुळे परत निघेपर्यंत मगरिब होऊन जाते. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा तो रस्ता उसाच्या हंगामात ज्याने रात्री पार केला आहे, त्याला जास्त सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या बैलांचे डोळे तरी चमकतात. पाठमोऱ्या बैलगाडीचे काहीच चमकत नाही.

सल्ले भरपूर मिळाले. बहुतेकांचा सल्ला एकच, शंभर वॅटचे बल्ब टाका. साठ वॅटसाठी बसवलेल्या तारेतून शंभर वॅटचा प्रवाह गेला की तार तापते, होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

आम्ही मियां-बीवी. एक जण शाळेत शिकवतो, दुसरी घरी शिवणकाम करते. घरातला फ्यूज बदलण्यापलीकडे विजेचे काही येत नव्हते. तरी बॉनेट उघडण्याआधी आठ दिवस कागदावर आकृती काढत बसलो, आणि रोग कळला तो तिथेच. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये दोन्ही दिव्यांचा सगळा प्रवाह, म्हणजे जवळजवळ दहा अँपिअर, स्टिअरिंगजवळच्या बारक्या स्विचमधून आणि लांबलचक पातळ तारेतून फिरून येतो. वाटेत व्होल्टेज गळते. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड दहा टक्के नाही, जवळपास तीस टक्के घटतो. मीटर लावला तेव्हा इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते, दिव्याच्या होल्डरवर १२.३.

यावर इलाज रिले. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. बोअरच्या मोटारीचा प्रवाह काही आपल्या बोटाखालच्या बटणातून जात नाही. बटण फक्त स्टार्टरमधल्या कॉइलला जागे करते, मोटारीचा भार स्टार्टर उचलतो. रिले म्हणजे तोच स्टार्टर, काडीपेटीएवढा. जुना स्विच आता फक्त कॉइलला हुकूम देतो आणि बॅटरीतून निघालेली नवी जाड तार थेट दिव्याला पोचते.

मनात भीती होती ती आगीची. मागच्या सीटवर आजारी माणूस असणार. म्हणून ठरवून घेतले की गाडीची एकही मूळ तार कापायची नाही. एका दिव्याचा जुना प्लग काढायचा आणि त्यात रिलेकडे जाणाऱ्या पिना बसवायच्या. उद्या सगळे उपटून काढले तरी गाडी होती तशी होईल. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीच तार पत्र्याला घासली तर तिला वाचवणारे कोणी नाही. आणि डिपरला एक रिले, अपरला दुसरा, दोघांना पंधरा-पंधरा अँपिअरचे वेगळे फ्यूज. एक गेला तरी दुसरा घरी पोचवेल.

रविवारी फजरनंतर अंगणात बसलो. पहिले काम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडण्याचे. तारांची टोके पक्कडीने दाबण्याचे काम शिवणाऱ्या हातांनी केले. शिक्षकाच्या हातून ते तितके साफ झाले नसते. प्लगमधली कोणती पिन कशाची, हे रंगावरून न ठरवता मीटरने पाहिले. हे फार महत्त्वाचे, कारण काही जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, तिथे नेहमीची आकृती उलटी पडते. जुहरपर्यंत तारा नळीत घालून बांधल्या. खर्च साडेआठशे रुपये, मीटर धरून नाही. होल्डरवर आता १३.७ व्होल्ट येतात. रात्री भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांचा झोत स्क्रूने खाली आणला, समोरच्याला त्रास नको.

अब्बांना कायद्याची चिंता. त्यांच्या डोक्यात देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार होते. सांगली जिल्ह्यातल्या या कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमात बसत नाही, कधीतरी अडवली जाईल, असे सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात दिली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. आमचे बल्ब तेच, वॅट तेच, रंग तोच. ब्रेक किंवा गॅसचे काम असते तर आम्ही हात लावला नसता.

त्या मंगळवारी परतताना पुढच्या ट्रॉलीचा ऊस बऱ्याच लांबून दिसला आणि गाडी सावकाश बाजूने काढता आली. उजेड कसा वाटतो म्हणून अम्मींना विचारले. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, “चांगला आहे. आता तो हॉर्न बघा, बकरीसारखा ओरडतो.”