थांबण्याचा वेळ आणि कामाचा वेळ



दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ पुण्याहून घरी आला, तो लॅपटॉप घेऊनच. त्या रात्री त्याची ड्यूटी होती. मी चहा घेऊन शेजारी बसले आणि विचारलं, "रात्रभर नेमकं बघतोस तरी काय?"

तो एका कंपनीचं डेटा वेअरहाऊस सांभाळतो, एसएपी बीडब्ल्यू या प्रणालीवर. डेटा वेअरहाऊस म्हणजे माहितीचं कोठार. दिवसभराची विक्री, बिलं, साठा अशी माहिती ठिकठिकाणांहून रात्री येते, निवडली जाते आणि कोठारात लागते. सकाळी साहेबांना अहवाल तयार हवा असतो. ही कामं कुणी समोर बसून करत नाही, ती मागे आपोआप चालतात. म्हणून त्यांना बॅकग्राउंड जॉब म्हणतात. ती करणाऱ्या वर्क प्रोसेस मात्र मोजक्याच. एक प्रोसेस एका वेळी एकच काम करते. सगळ्या गुंतलेल्या असल्या की पुढचं काम रांगेत!

त्याने एसएम ३७ नावाचा स्क्रीन दाखवला. कोणतं काम चालू आहे, कोणतं संपलं, कोणतं मध्येच रद्द झालं, हे सगळं तिथे दिसतं. एका कामाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हे फार संथ दिसतंय."

"ताई, असं लगेच म्हणायचं नाही. आधी हे दोन रकाने बघ." एक होता ड्युरेशन, म्हणजे काम प्रत्यक्ष किती वेळ चाललं. दुसरा डिले, म्हणजे सुरू होण्याआधी किती वेळ ताटकळलं. ते काम काही मिनिटांचंच होतं. त्याचा बाकी सगळा वेळ थांबण्यात गेला होता.

मग उपाय काय? सगळी कामं एकाच ठोक्याला लावायची नाहीत, वेळा विभागायच्या. कामांना ए, बी, सी असे वर्ग असतात. तातडीच्या ए वर्गासाठी एखादी प्रोसेस राखून ठेवता येते, पण सगळ्यांनाच ए दिलं तर त्याला अर्थ उरत नाही. आणि कामावर ठरावीक सर्व्हरचं नाव लिहून ठेवलं, तर शेजारचा सर्व्हर मोकळा असूनही ते काम त्याच्याच दारात उभं राहतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर माझ्या वर्गातली दुसरीतली एक मुलगी येत होती. आमची शाळा दोन शिक्षकी, माझ्याकडे पहिली-दुसरी. तिचं वाचन कधीच पूर्ण व्हायचं नाही. मी वहीत "वाचन संथ" लिहिलं होतं, आणि पालक सभेत तिच्या आईलाही तसंच सांगितलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर चार दिवस मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले: "थांबली" आणि "वाचलं". तिला एक पान वाचायला पाच-सहा मिनिटं लागत होती. थांबणं मात्र रोज वीस मिनिटांच्या पुढे! ती खिडकीजवळ शेवटी बसते. तिची पाळी येईपर्यंत मी पोषण आहाराची नोंद किंवा कुठली तरी तातडीची ऑनलाइन माहिती भरायला उठलेली असायचे. माझ्याकडे येणारी प्रत्येक माहिती ए वर्गाचीच ना!

आता वाचनाची सुरुवात रोज वेगळ्या टोकाकडून होते. वाचनाच्या तासाला मोबाईल कपाटात असतो. अडलेली मुलं पूर्वी एकाच हुशार मुलीकडे रांग लावायची, आता जो मोकळा असेल त्याला विचारतात. माहिती थोडी उशिरा जाते, त्याबद्दल बोलणी मी खाते.

ती मुलगी अजून अडखळते, पण पान संपवते. वहीतला तो शेरा मी खोडला. तिच्या आईला घरी जाऊन भेटले आणि म्हटलं, "चूक माझी होती. ती संथ नव्हती, ती माझी वाट बघत होती."

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी "संथ" आहे का? शेरा मारण्याआधी चार दिवस हे दोन रकाने आखून बघा.