पावसाविना जून

मराठी माणसाच्या मनातला जून ओला असतो. शाळा आणि पाऊस एकाच सुमारास येतात. वह्यांना खाकी कव्हरे घालायची, दप्तरात छत्री कोंबायची आणि पहिल्याच दिवशी मोजे भिजवून घरी यायचे. चेन्नईतला जून मात्र कोरडा ठणठणीत. ४ मेच्या सुमारास लागलेले अग्निनक्षत्र, इथल्या बोलीतली ‘कत्तिरी’, पंचांगाप्रमाणे महिनाअखेरीस संपते, पण उन्हाला ते कोणी कळवलेले नसते. २०२३ साली शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडायच्या होत्या. मग ७ जून ठरली, मग सहावीपासून पुढच्यांसाठी १२ आणि धाकट्यांसाठी १४. आमच्याकडे पावसाची वाट बघत शाळा सुरू होते, इथे ऊन कधी आवरते घेईल याची.

पाऊस येतो तो ऑक्टोबरनंतर, ईशान्येकडून, सहामाही परीक्षेच्या तोंडावर. तेव्हा सगळे शहर जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या घोषणेकडे डोळे लावून बसते. २०१५च्या पुरात तर वर्ग कित्येक आठवडे भरलेच नव्हते. थोडक्यात, इथे पाऊस शाळा बंद करतो, सुरू करत नाही. वर्षाचा आरंभ निसर्ग करून देत नाही म्हटल्यावर तो माणसांनाच करावा लागतो, आणि कॅथलिक शाळांना तो करता येतो असे माझे मत आहे. सांगलीकडून येऊन इथल्या अशा एका शाळेत गणित शिकवू लागले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते.

चेन्नईतल्या सॅन थोमचा रस्ता शाळांचाच आहे. १९०७ सालची सेंट बीड्स, सॅन थोम हायर सेकंडरी, मुलींची रोझरी. या सगळ्यांच्या मध्ये पांढरी बॅसिलिका, मागे समुद्र आणि नोच्चिकुप्पमच्या कोळणींची मासळी. आजची इमारत १८९६ची, पण जागा फार जुनी. येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमसची कबर इथे आहे अशी श्रद्धा, आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिच्यावर चर्च उभारले. हा थॉमस म्हणजे जखमांना हात लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. गणिताच्या शिक्षकाला याहून चांगला संत मिळायचा नाही. त्याचा सण ३ जुलैला, म्हणजे पहिल्या घटक चाचणीची चाहूल लागते तेव्हाच.

जूनमधल्या दिवसाचे इथे दोन तुकडे पडतात, समुद्रावरचा वारा सुटायच्या आधीचा आणि नंतरचा. शाळेचा बराचसा वेळ आधीच्या तुकड्यात जातो. उंच छताच्या जुन्या वर्गांत पंखे नुसतेच फिरत राहतात, पोरांचे सदरे पाठीला चिकटलेले, मुलींच्या दोन वेण्या वर दुमडून रिबिनीत घट्ट बांधलेल्या. बाहेर गल्लोगल्ली मोगऱ्याचे गजरे विकले जातात, पण कॉन्व्हेंटच्या फाटकातून फूल आत येत नाही. भस्माचे पट्टे मात्र येतात, आणि त्यांना कोणी हरकत घेत नाही.

मुले येण्याआधी शिक्षकांचा एक दिवस असतो. त्या सकाळी, वसईकर जिला मिस्सा म्हणतात ती उपासना होते. पवित्र आत्म्याला आवाहन, वेदीजवळ कुत्तुविळक्कु, म्हणजे आपली उभी समई, आणि मागच्या बाकांवर आम्ही बिगरख्रिस्ती शिक्षक. आमच्यातल्या कोणी उभे राहायचे, कोणी बसायचे, याचा दरवर्षी थोडा गोंधळ होतो. कोणी काही म्हणत नाही. नंतर फिल्टर कॉफी, केळीच्या पानावर इडली आणि वेळापत्रकावरून भांडणे. शेवटचा तास कोणाला, आठवी कोणाला, शनिवार कोणाचा, हे वाद इतके तळमळीने चालतात की सकाळचा पवित्र आत्मा दुपारपर्यंत टिकतो की नाही अशी शंका येते. तरी ती सकाळ मला हवी असते. इतर शाळांत वर्ष परिपत्रकाने सुरू होते, इथे आधी थोडा वेळ गप्प बसावे लागते.

मग येतो पट.

महाराष्ट्रात आपण मुलाला आडनावाने हाक मारतो. “कुलकर्णी, फळ्यावर ये. जाधव, बाकावर उभा राहा.” आडनाव ऐकताच मुलाचे घर, जात, गाव, कधी बापाचा धंदासुद्धा डोक्यात तयार होतो आणि मूल तोंड उघडायच्या आत आपण त्याच्याविषयी बरेच काही ठरवून मोकळे होतो. तमिळ पटावर ही कुबडी मिळत नाही. १९२९च्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेने नावामागची जातवाचक बिरुदे टाकण्याचा ठराव केला आणि पुढच्या पिढ्यांनी तो बऱ्याच अंशी पाळला. नावाआधी एक अक्षर, ते वडिलांचे, आणि पुढे मुलाचे नाव. एस. कार्तिक, आर. कार्तिक, एम. कार्तिक. जात संपली असे कोणी समजू नये. ती दुसऱ्या वाटांनी वर्गात येतेच. पण हजेरी घेताना ती जिभेवर येत नाही, आणि शिक्षकाला मुलाकडे बघावे लागते. या तीन कार्तिकांत शांत कोण आणि खोडकर कोण हे कळायला जुलै उजाडतो.

ख्रिस्ती मुलांची नावे तर मला पहिल्या वर्षी चकवून गेली. वसईच्या अनुभवावरून मी डिमेलो, परेरा यांची वाट बघत होते. तशी नावे आहेत, तूतुकुडीच्या किनाऱ्यावरच्या परवर कोळ्यांत फर्नांडो भरपूर. पण पटावर जास्त करून सूसैराज, आरोक्यमेरी, सहायम, अमला. सूसै म्हणजे जोसेफ, आरोक्यमेरी ही वेळांकण्णीच्या आरोग्यमातेच्या नावाची. त्यांतली कितीतरी नावे मराठी कानालाही ओळखीची वाटतात. पोर्तुगीज सत्ता जिथे जमिनीवर घट्ट बसली तिथे आडनावे देऊन गेली. तमिळ मुलखात मिशनरी आत गेले ते राजसत्तेवाचून, आणि त्यांना इथल्या भाषेपुढे वाकावे लागले.

त्या वाकलेल्यांपैकी एकाचा पुतळा मरीना किनाऱ्यावर आहे. कोस्तान्झो बेस्की, इटलीचा जेझुइट, तमिळ लोकांचा वीरमामुनिवर. १९६८च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी तिथे जे पुतळे बसले त्यांत हाही बसला. अठराव्या शतकात त्याने या भाषेत जोसेफवर महाकाव्य लिहिले, लिपीतले ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे करून दिले. आपल्या फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले, त्याच जातकुळीतला हा माणूस. पण मला तो आवडतो तो परमार्थ गुरूच्या गोष्टींमुळे. स्वतः गुरू म्हणून वावरणाऱ्या पाद्र्याने एक मठ्ठ गुरू आणि त्याचे पाच मठ्ठ शिष्य यांच्यावर विनोदी कथा लिहाव्यात, याला मोठे मन लागते.

त्यातली नदीची गोष्ट आपल्या कीर्तनांतही वेगळ्या रूपात येते. नदी ओलांडल्यावर शिष्य मोजदाद करतात आणि एक कमी भरतो, कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही. आपल्याकडे ‘दशमस्त्वमसि’ म्हणत कोणी शहाणा दहावा दाखवून देतो आणि वेदान्त सिद्ध होतो. बेस्कीच्या गोष्टीत वाटसरू प्रत्येकाच्या पाठीत फटका देऊन आकडा जुळवतो. शिक्षकखोलीला दुसरी आवृत्ती जास्त लागू पडते. इथे आम्ही सगळ्या नुसत्या ‘मिस’. पोरे मला नावाने ओळखत नाहीत, मीही वर्षभर सगळ्यांची गणती करते आणि वार्षिक आरोग्य तपासणीच्या यादीत शिक्षकांचा रकाना नसतो हे मार्चमध्ये लक्षात येते.

फटकेही असतात. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला सांगितले. खटल्यांत महाराष्ट्र आणि तमिळनाडू दोन्ही होते. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लावायचा की नाही हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. त्यामुळे आमच्या खोलीत केस पिकलेल्या बायका बाल-मानसशास्त्राची गाइडे चाळतात. एकाच आवारात अनुदानित तुकडीची शिक्षिका आणि विनाअनुदानित तुकडीची शिक्षिका एकाच डब्यातला दहीभात खातात, पण पगार सारखा नसतो. इंग्रजी बोलले नाही तर वहीत नाव लिहिण्याची पद्धत अनेक कॉन्व्हेंटांतून अजून गेलेली नाही, आणि ती मला अजिबात पटत नाही. ज्या शाळेचे पूर्वज तमिळमध्ये महाकाव्य लिहीत होते तिने मधल्या सुट्टीत तमिळवर पहारा ठेवावा!

तरी जमेची बाजू मोठी आहे. १८४२ साली आयर्लंडहून प्रेझेंटेशन संघाच्या सिस्टर ब्लॅक टाउनात, आजच्या जॉर्ज टाउनात उतरल्या आणि मुलींची शाळा काढून बसल्या. त्या भागाला लागूनच सौकारपेट, जिथे आमच्या विटा-खानापूरकडची गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळत आली. त्यांच्या मुलींना आडनावासकट कॉन्व्हेंटच्या पटावर जागा मिळते, तेव्हा हजेरीत तेवढा एकच घाटी उच्चार घुमतो. १९०६ साली भारतातले पहिले सलेशियन आले ते मैलापूरच्या बिशपच्या बोलावण्यावरून, आणि उतरले कुठे, तर तंजावरला, भोसल्यांच्या गावी. त्यांच्या डॉन बॉस्कोचा आग्रह असा की मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते त्यांना कळलेही पाहिजे. ऑगस्ट २०२५मध्ये मुख्यमंत्र्यांची न्याहारी योजना शहरी अनुदानित प्राथमिक शाळांपर्यंत पोचली, तिचे उद्घाटन मैलापूरच्या सेंट सूसैयप्पर शाळेत झाले. गरम उपमा किंवा पोंगल खाऊन आलेल्या मुलाला पहिल्या तासाला नावाने हाक मारली तर ते लगेच मान वर करते. डॉन बॉस्कोला अभिप्रेत असलेले ‘कळणे’ बहुधा यापेक्षा फार वेगळे नसावे.

सिस्टरांची संख्या आता घटते आहे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायला संघाकडे माणूस असते, पण पाचवीच्या वर्गावर पूर्वीसारखी सिस्टर नसते. शाळेचे कॅथलिकपण टिकवायचे ते आमच्यासारख्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी, अशी ही गमतीची व्यवस्था आहे. त्यासाठी धर्मशिक्षणाचा तास लागत नाही, पट लागतो. आणि तो बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी सकाळी, घंटेच्या पाच मिनिटे आधी, शाई न वाळलेल्या छपाईत हातात पडतो.

तेव्हा चेन्नईतल्या, मुंबईतल्या, वसईतल्या, कुठल्याही शाळेच्या चालकांना एवढेच मागणे आहे: वर्गाची यादी शिक्षकाला शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी द्या. उन्हामुळे सुट्टी वाढली तर आणखी बरे, नावे पाठ करायला तेवढे दिवस जास्त मिळतील.