पोरांच्या छातीचा विषय आहे, जरा वाचा

विषय अवघड आहे. बातमीत बसत नाही आणि चारचौघांत कोणी बोलत नाही, म्हणून इथं लिहितोय.

ओळखीतला एक पोरगा दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होता. धावण्यात पुढे, उंचीत बसणारा. तरी मैदानावर गेलाच नाही. कारण छाती मोजताना शर्ट काढावा लागतो. भरतीला न फुगवता ७९ सेंटीमीटर छाती लागते आणि फुगवून ५ सेंटीमीटर वाढावी लागते. याच्या छातीला बायकांसारखा उभार आला होता. घरात कोणाला पत्ता नाही.

याला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतंच. टेस्टोस्टेरॉनच्या मानाने ते वाढलं की स्तनाची गाठ वाढते. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप जातं. त्याला औषध लागत नाही. लागतं ते एवढंच, की वर्गात, घरात कोणी चिडवू नये. नुसत्या लठ्ठपणाने दिसणारी छाती वेगळी. ती चरबी असते, वजन उतरलं की बरीच कमी होते.

खरी काळजी जिममधल्या सुईची आहे. झटपट बॉडीसाठी पोरं स्टेरॉइडची 'सायकल' मारतात. बाहेरून आलेल्या जादा टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन बनवतं. वर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. सुई बंद केली की पुरुषी हार्मोन तळाला आणि छाती वर! वृषणं लहान होतात, शुक्राणू घटतात, ते वेगळंच. उद्या लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून बोल कोणाला लागणार, हे सांगायला नको.

बाकी कारणंही आहेत. दारूने खराब झालेलं लिव्हर, थायरॉइड, किडनीचा आजार, आणि काही औषधं, उदाहरणार्थ स्पायरोनोलॅक्टोन किंवा केस गळतीवरचं फिनास्टेराइड. पण चालू गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. एकाच बाजूला कडक गाठ असेल, बोंडातून रक्त येत असेल तर आजच दाखवा. स्तनांच्या कॅन्सरमध्ये शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो.

लवकर गेलं तर कारण सापडतं, गोळ्यांनी फरक पडू शकतो. वर्षभर लपवलं की गाठ घट्ट होते, मग बहुतेकदा ऑपरेशनच. त्या पोराला आता तेच सांगितलंय.

आता प्रश्न व्यवस्थेचा. नॅन्ड्रोलोनसारखी इंजेक्शनं शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मग ती जिमच्या कपाटात येतात कुठून? कोण आणून देतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या जिमांत एकदा डोकावावं. जिमवाल्यांनीही आपलं कपाट उघडं ठेवावं, सगळेच काही तसले नसतात.

आणि आईबापांनो, पोरगा उन्हाळ्यात दोन-दोन बनियन घालत असेल, पोहायला जायचं टाळत असेल, तर ओरडू नका. बाजूला घेऊन विचारा.