शुगर सांगा आणि मग सॅन फ्रान्सिस्को पाहा

जूनमध्ये आपल्याकडे सगळे पावसाची वाट पाहत असतात, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत धुक्याचे राज्य असते. समुद्रावरून धुके आत येते आणि गोल्डन गेट पुलाचे केशरी खांब अर्धे गिळून टाकते. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असे समजून सुती कपड्यांत आलेले पाहुणे भर दुपारी कुडकुडतात. पूल १९३७ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे २.७ किलोमीटर. कडेच्या पदपथावरून चालत जाता येते, पण वारा इतका की साडीचा पदर कमरेला खोचावाच लागतो.

या शहराला लागून असलेल्या खाडीच्या काठाने फ्रीमाँट, मिलपिटास, सनीव्हेल अशी गावे आहेत. पुणे, नागपूर, इंदूर, हैदराबाद सोडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे इथे राहतात. उन्हाळा आला की त्यांचे आईवडील येतात. फ्रीमाँटच्या लेक एलिझाबेथ तलावाभोवती संध्याकाळी चक्कर मारा, स्वेटर आणि पांढरे बूट घातलेले आजी-आजोबा भेटतातच. आधी नातवंडांची चौकशी होते, मग गावाची, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, “तुम्हाला गोळ्या कोणकोणत्या?”

माझी ताई फ्रीमाँटला राहते. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन मी तिच्याकडे गेले. आई ६७ वर्षांची, बारा वर्षांपासून मधुमेह, जोडीला बीपी. तिकिटे आणि व्हिसा झाल्यावर प्रश्न उरला प्रवास विम्याचा.

फॉर्मवरचा एक रकाना

अमेरिकेत पर्यटक म्हणून जाताना विमा सक्तीचा नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी मात्र किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. सक्ती नसल्यामुळे अमेरिकेला जाणारे अनेक ज्येष्ठ एकतर विमा काढतच नाहीत, किंवा सर्वांत स्वस्त कागद घेऊन मोकळे होतात.

आमच्या ओळखीच्या एका एजंटने सल्ला दिला, “मॅडम, आईंची शुगर लिहू नका. प्रीमियम वाढेल, तपासण्या मागतील.” मी काही बोलण्याआधी आईच म्हणाली, “अहो, लोकांकडे चहाला गेले तरी मी आधी सांगते, मला शुगर आहे, साखर घालू नका. मग या फॉर्ममध्ये कसली लाज?”

आईचे बरोबर होते. विम्याचा सगळा व्यवहार फॉर्मवर दिलेल्या माहितीच्या भरवशावर चालतो. आजार लपवला तर पॉलिसी मिळते, पण दवाखान्यात गेल्यावर जुने कागद निघतात आणि क्लेम नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. आजार सांगितला तर प्रीमियम थोडा जास्त पडेल, पण नंतर कंपनीला “आम्हाला सांगितले नव्हते” असे म्हणता येत नाही.

कोर्टापर्यंत गेलेली गोष्ट

याच सॅन फ्रान्सिस्कोशी जोडलेला एक खटला प्रत्येक मधुमेही प्रवाशाला ठाऊक असावा. २००९ मध्ये एक भारतीय गृहस्थ लग्नासाठी अमेरिकेला निघाले. त्यांना मधुमेह होता. तो त्यांनी सांगितला होता आणि पॉलिसी देण्यापूर्वी त्यांची तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा आला. रुग्णालयात अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट घालावे लागले.

कंपनीने क्लेम नाकारला. कोलेस्टेरॉलसाठी ते घेत असलेली गोळी त्यांनी सांगितली नव्हती, असे कारण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल प्रवाशाच्या बाजूने लागला. मधुमेह माहीत असताना पॉलिसी दिली, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून नंतर हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. ते जिंकले कारण मधुमेह फॉर्मवर होता. पण त्यात बारा वर्षे गेली, म्हणून आम्ही धडा घेतला तो असा की आजारासोबत रोजची प्रत्येक गोळीही लिहायची. आईच्या फॉर्मला आम्ही डॉक्टरांची चिठ्ठीच जोडली.

बेटावरची चढण

आजार मान्य केला की प्रवासाची आखणीही शहाणपणाने होते. आम्ही दिवसाला एकच ठिकाण ठरवले. केबल कारमध्ये बसलो. १८७३ पासून हे शहर अशा गाड्यांनी आपले चढ चढते आहे. अल्कट्राझ बेटावर जुना तुरुंग पाहायला गेलो. धक्क्यापासून तुरुंगापर्यंतची चढण जवळजवळ तेरा मजल्यांएवढी आहे. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी छोटी गाडी असते. आई-बाबा त्यातून वर गेले आणि मी धापा टाकत पोचले, तेव्हा दोघे बाकावर बसून खाडीकडे पाहत होते.

एकादशीची रात्र

जुलैत आषाढी एकादशी आली. “इतक्या वर्षांची एकादशी मोडायची का?” म्हणत आईने उपवास केला. सकाळची शुगरची गोळी नेहमीसारखी घेतली आणि दिवसभर थोडे दूध आणि दोन केळी यांवर काढला. रात्री अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मशीनवर शुगर ५२. ताईने साखरपाणी दिले, ते उलटून पडले. मग ९११ ला फोन केला.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला, पैसे आहेत की नाहीत हे न पाहता, रुग्णाला तपासून स्थिर करावे लागते. उपचार थांबत नाहीत, पण बिल नंतर येतेच.

आई आत होती तेव्हा भाऊजींनी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून पॉलिसी क्रमांक विचारला, रुग्णालयाचे नाव विचारले आणि मग, “पेशंटला आधीचा काही आजार?”

“मधुमेह आणि बीपी. फॉर्मवर लिहिलेय.”

क्षणभर शांतता. “हो, दिसतेय. पुढची कागदपत्रे कळवतो.”

त्या रात्री पहिल्यांदा आम्ही खुर्चीला पाठ टेकली. सकाळपर्यंत आईची शुगर स्थिरावली. नंतर रुग्णालय, डॉक्टर आणि अँब्युलन्स अशी तीन वेगवेगळी बिले आली. आमच्या पॉलिसीत जुन्या आजाराच्या जीवघेण्या प्रसंगासाठी ठरावीक रक्कम होती. पहिले १०० डॉलर आमचे, बाकी कंपनीने भरले. आठवड्याने डॉक्टरांना पुन्हा दाखवले, त्याचा खर्च मात्र आमच्याच खिशातून. नेहमीची तपासणी आणि गोळ्या यांत बसत नाहीत, हे आधीच वाचले होते.

निघण्यापूर्वी एवढे करा

• पॉलिसीत “आधीपासूनचा आजार” हे कलम शोधा. आजार पूर्ण वगळला आहे, की जिवावरच्या प्रसंगात खर्च मिळतो, आणि किती, हे लेखी विचारा.

• अमेरिकेतल्या कंपनीची पॉलिसी घेत असाल, तर जुना आजार अचानक उफाळल्यास काय मिळते आणि त्याला वयाची अट काय, ते पाहा.

• सगळे आजार, शस्त्रक्रिया आणि गोळ्या लिहा. फॉर्म एजंटने भरला तरी सही करण्यापूर्वी स्वतः वाचा आणि प्रत जपून ठेवा.

• गोळ्या मूळ पाकिटांत, इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकते. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरतीच औषधे न्यावीत. जास्त राहायचे असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला.

• उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. गोळीची वेळ कशी बदलायची, आणि उपवासाच्या दिवशी काय करायचे, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

• पॉलिसी क्रमांक आणि मदत क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

• क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय होऊ शकतो. मुंबई आणि पुण्यातही त्यांची कार्यालये आहेत.

मधुमेह आहे, बीपी आहे, हृदयाला एखादा स्टेंट आहे, म्हणून मुलांकडे जायचेच नाही असे अनेक आईवडील ठरवून टाकतात. दुसरे काही जण सगळे लपवून जातात आणि तिथे जीव मुठीत धरून राहतात. या दोन्हींपेक्षा सोपा मार्ग आहे. आजार जसा आहे तसा कागदावर लिहा, त्याला झेपेल असा प्रवास आखा आणि निर्धास्त निघा. आई आता पुढच्या वर्षीचे बोलते आहे, आणि एकादशीला डॉक्टर सांगतील तेच खायचे, हे तिने स्वतःच वहीत लिहून ठेवले आहे.