ॲक्सल

2023 च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, घोडबंदर रोड, गायमुखचा चढ आणि धो धो पाऊस. बोरिवलीहून एक लग्न उरकून मुलुंडला परत येत होतो. शेजारी लेक, मागे बाबा. पुढच्या कंटेनरने ब्रेक मारला म्हणून मीही थांबलो. तो हलला तसा पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर खालून "ठण्ण" असा एकच आवाज आला. इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे सरकू लागली. मागे ट्रक. हँडब्रेक ओढेपर्यंत हातभर तरी मागे गेलो असू. लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

मागून बाबा शांतपणे म्हणाले, "ॲक्सल गेला."

आमची गाडी म्हणजे 2002 सालची होंडा सिटी व्हीटेक. ज्यांना ती आठवते त्यांना जास्त सांगायला नको. दीड लिटरचं, 106 हॉर्सपॉवरचं इंजिन. 2000 साली ती आली तेव्हा तिला मागे टाकेल अशी फारशी गाडी आपल्या बजेटमध्ये नव्हती. मी ती सेकंडहँड घेतली आणि पुढे, वय वाढलं तरी अक्कल वाढत नाही या नियमाला धरून, तिला टर्बो बसवला. तेव्हापासून घरात एक वाक्य कायम ऐकलं, "कधीतरी हे अंगाशी येणार." त्यामुळे त्या रात्री टो व्हॅनची वाट बघताना कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

ज्याला आपले मेकॅनिक ॲक्सल म्हणतात तो म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. गिअरबॉक्समधून निघून पुढच्या चाकापर्यंत जाणारा दांडा, दोन्ही टोकांना एकेक जॉइंट. चाक खड्ड्यात उतरतं, स्टिअरिंगबरोबर वळतं, तरी ताकद अखंड पोचली पाहिजे, हे त्या जॉइंटचं काम. बाहेरच्या जॉइंटची कल्पना आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरची, 1920 च्या दशकातली. 1959 साली ब्रिटिश मिनी आली आणि पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत तो जॉइंट घरोघरी गेला. दोन्हीकडच्या दांड्यांपैकी एक जरी तुटला तरी गाडी जागेवरच उभी राहते, कारण साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्या तुटक्या बाजूलाच फुकट फिरवत बसतो.

दुसऱ्या दिवशी असल्फ्याच्या आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली आणि निकाल दिला, "टर्बो का लोड है, साब. स्ट्राँगवाला डालो."

स्ट्राँगवाला! माझ्या मनातलंच बोलले. खरं सांगायचं तर भीती ओसरल्यावर मला थोडा आनंदच झाला होता. आता गाडीला काहीतरी नवीन आणायला कारण मिळालं. पुढचा आठवडा मी याच नादात होतो. अमेरिकेत 300 एम नावाच्या पोलादाचे शाफ्ट बनतात, ड्रॅग रेसिंगवाले वापरतात. किंमत, विमानाचं भाडं आणि कस्टम ड्युटी मिळवली की आकडा बायकोला सांगण्यासारखा राहत नव्हता. दुसरा मार्ग साकीनाक्याचा. तिथल्या एका गाळ्यातला लेथवाला म्हणाला, "ईएन 24 चा बार आणतो, तुमचा नमुना द्या, चार दिवसांत हुबेहूब. दोन मिलिमीटर जाड करू?" तिसरा मार्ग म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी जोडी उचलायची. आणि चौथा, सगळ्यात कंटाळवाणा: कंपनीच्या मापाचे नवे शाफ्ट.

मी साकीनाक्याकडे झुकलो होतो. हिशोबही करून ठेवला होता. दांड्याची पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 25 मिलिमीटरचा साडेसत्तावीस केला, फक्त दहा टक्के जाड, तरी ताकद तेहेतीस टक्के वाढते. हा कागद मी मोठ्या ऐटीत बाबांपुढे ठेवला.

बाबांनी भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून बत्तीस वर्षं काढली. आता वय एक्याऐंशी. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "हार्डनिंग कोण करणार?"

"म्हणजे?"

"अरे, दांडा कातला म्हणजे झालं का? कंपनीचा दांडा इंडक्शनने वरून कडक केलेला असतो. साल कडक, गाभा चिवट. तुझा लेथवाला चांगलं पोलाद आणेल, पण ते नीट तापवून विझवलं नाही तर जाड असूनही मऊच राहणार. आणि दात? कंपनीत ते दाबून, लाटून काढतात. हा कापून काढणार. प्रत्येक दाताच्या मुळाशी चीर पडायला जागा."

आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस लेथच्या विरुद्ध बोलत होता. मग म्हणाले, "लेथच्या लीडस्क्रूला एक शिअर पिन असते, बघितलीस कधी? मुद्दाम कमजोर ठेवतात. काही अडकलं तर ती पिन तुटते, मशीन वाचतं. आमच्याकडे एका शहाण्याने ती सारखी तुटते म्हणून कडक पोलादाची घातली होती. पुढच्या वेळी गिअरचे दात गेले. तुझ्या गाडीत ॲक्सल नाही तुटला तर काय तुटेल?"

उत्तर मला माहीत होतं. गिअरबॉक्स. तो या मॉडेलचा आता धड मिळतही नाही.

त्या रात्री मी पुन्हा कागद घेऊन बसलो, पण यावेळी इंजिनाकडून नाही, टायरकडून सुरुवात केली. इंजिनाचा टॉर्क समजा 130 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरात तो अंदाजे तेरा पट होतो, दोन चाकांत वाटला तर प्रत्येकी साडेआठशेच्या आसपास. आता टायर बघा. पुढच्या एका चाकावर तीनेकशे किलो वजन. कोरड्या रस्त्यावर टायर साधारण तेवढ्याच जोराने जमीन धरतो. गुणिले चाकाची त्रिज्या, एका फुटाहून थोडी कमी. उत्तर आलं आठशेच्या जवळपास! म्हणजे पहिल्या गिअरात टायर तर कंपनीच्या इंजिनालाच जेमतेम पुरतात. टर्बोची जास्तीची ताकद दांड्यापर्यंत जातच नाही, चाक आधी घसरतं. (दांडे तुटतात ते घसरलेलं चाक एकदम पकडतं तेव्हा, त्या हिसक्याने. पण आम्ही तर सावकाश निघालो होतो.) त्यात त्या रात्री रस्ता ओला. पकड निम्मी.

मग तुटला कशाने?

रविवारी बाबांना असल्फ्याला घेऊन गेलो. मिस्त्रींनी तुकडे फेकले नव्हते, नशीब. बाबांनी रॉकेलने टोक पुसलं, भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला दाखवलं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग अर्धचंद्रासारखा, तपकिरी, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. उरलेला भाग स्वच्छ, करडा, चकाकणारा.

"हे चकाकतंय ते गायमुखला तुटलं. हे तपकिरी आधीच तुटलं होतं. वर्ष, दोन वर्षं. थोडं थोडं."

लांबच्या दांड्यावर मध्ये रबराचा एक जाड डॅम्पर असतो, थरथर कमी व्हावी म्हणून. चीर बरोबर त्याच्या कडेला होती. रबराखाली पाणी शिरलं की सुकत नाही. वीस पावसाळे, खारी हवा, मिलन सबवेपासून किंग्ज सर्कलपर्यंतची सगळी तळी. गंजाने एक खळगा पाडला आणि खळग्यातून चीर निघाली. कंपनीला दोष द्यायची सोय नाही, मीच इतक्या वर्षांत एकदाही गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं. टर्बोच्या गेजकडे मात्र रोज पाहत होतो.

टर्बोवर आळ आला नाही, म्हणून तो ठेवावा असं मला फार वाटलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. लेक सहा महिन्यांनी अठराची होणार होती आणि याच गाडीवर शिकवीन असा शब्द मी तिला दिला होता. शिवाय कायदा. कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे मला आधीपासून माहीत होतं. पण आता स्टिअरिंगवर ती बसणार आणि काही झालं तर विमा कंपनी बॉनेट उघडणार, हे चित्र वेगळं होतं.

टर्बो उतरवला. माळ्यावर गोणपाटात आहे, दिवाळीच्या साफसफाईला दरवर्षी त्याचा विषय निघतो. हायवेवर तिसऱ्या गिअरात येणारी ती शिट्टी मला अजून आठवते, खोटं कशाला बोलू.

शाफ्ट कंपनीच्या मापाचे, नवे, दोन्ही बाजूंचे बसवले. बसवायच्या आधी बाबांनी नवा दांडा घरी मागवून घेतला. डॅम्परचा पट्टा सोडवून तो बाजूला सरकवला, खालची जागा घासून प्रायमरचे दोन हात दिले, वर काळा रंग, आणि दोन दिवस गॅलरीत वाळत ठेवला. आईच्या पापडांशेजारी.

मार्चमध्ये लेकीचं लर्निंग लायसन्स आलं. रविवारी सकाळी सहाला मोकळ्या रस्त्यावर गेलो. ती चालवायला, मी शेजारी, बाबा हट्टाने मागे. तिने आरसे नीट केले, पहिला गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने जोरात हिसका दिला आणि बंद पडली.

मागून बाबा म्हणाले, "ॲक्सल शाबूत आहे. पुन्हा लाव."