डावखुऱ्याची बंदूक

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड गावावर २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे संकट कोसळले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन बालके होती. अखेर वनखात्याच्या नेमबाजांनी त्याला ठार केले.

त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त जवान आम्हांला भेटले. "फादर, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करतोय. माझ्या वागणुकीबद्दल दोन ओळी लिहून द्या." नात रोज उसाच्या कडेने शाळेत जाते, हे कारण. मग किंचित संकोचून म्हणाले, "पण मी पडलो डावरा. माझ्या हाताची रायफल कुठं मिळंल का?"

आम्ही बुचकळ्यात पडलो. तेव्हा त्यांनी मेजावरची पट्टी उचलून खांद्याला लावून दाखविली. इशापूर कारखान्याच्या .३१५ रायफलीचा बोल्ट उजवीकडे असतो. डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर चापावरचा हात सोडून रायफलीवरून पलीकडे न्यावा लागतो. तेवढ्यात नेम मोडतो. परदेशात सॅव्हेज, टिक्का यांसारखे कारखाने डाव्या बोल्टच्या रायफली बनवितात. पण त्यांची किंमत त्यांच्या निवृत्तिवेतनाला कोठून झेपणार? "पलटणीत उजव्या खांद्यावरून शिकवलं, फादर. नेम बसायचा, पण डोळा माझा डावाच."

ते ऐकून आम्हांला आमची प्राथमिक शाळा आठवली. डाव्या हातात पेन्सिल दिसताच गुरुजी तो हात पाठीशी बांधीत. आजही आम्ही आशीर्वाद उजव्या हाताने देतो, तो विधीच तसा आहे. प्रवचनाचे टिपण मात्र चोरून डाव्या हाताने लिहितो. शास्ते या पुस्तकात बन्यामिनांचे सातशे डावखुरे गोफणकर आहेत, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. सेमिनरीत तो अध्याय आम्ही मोठ्या आवडीने वाचला होता, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

परंतु प्रश्न केवळ हाताचा नव्हता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. परवाना मिळाला म्हणून त्याच्या मागे कोणी जाऊ शकत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीवरक्षणार्थ सद्भावनेने केलेला वार तेवढा गुन्हा ठरत नाही. हे आम्ही सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मला त्याला शोधायचं नाही. तो आला तर माझा हात अडखळू नये, एवढंच."

आम्ही पत्र लिहिले. रायफलीऐवजी दुनळी बारा बोअरचा विचार करा, असेही सुचविले. ती मध्यातून उघडते, बोल्टची अडचणच नाही. "घोळ तिथंही आहे," ते हसले, "वरची कळ उजव्या अंगठ्यासाठी असती. पण निभंल."

अर्ज अद्याप कचेरीत आहे. तोवर आजोबा रोज सकाळी नातीला पोहोचवितात. उजव्या हातात तिचे बोट, डाव्या हातात घुंगरू बांधलेली काठी.