चिकटणं आणि सोडणं

पानगी खाल्लीय का कधी? केळीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, वर दुसरं पान ठेवायचं आणि तव्यावर टाकायचं. झाली की पान अलगद सुटतं, पानगीवर फक्त शिरांची नक्षी उरते. हेच पीठ सुती फडक्यावर थापलं तर? अर्धी पानगी फडक्यासोबत जाईल.

घाबरू नका, वीकएन्डला रेसिपी लिहायला बसलेलो नाही. विषय भाजण्याचाच आहे, पण कातडीच्या.

गेल्या वर्षी माझ्या चार वर्षांच्या भाचीच्या हातावर गरम चहा सांडला. भाजणं फार खोल नव्हतं, यथावकाश बरं झालं. पण आमच्या लक्षात राहिलं ते ड्रेसिंग बदलणं. एक दिवसाआड ताई आणि मी तिला घेऊन जायचो. सिस्टर बिचाऱ्या सलाइन ओतून ओतून गॉझ भिजवायच्या, गोष्टी सांगायच्या. तरी शेवटचा तुकडा निघताना "मामा, नको ना" सुरू व्हायचं आणि गॉझवर ताजं रक्त दिसायचं. तिसऱ्या खेपेपासून तर टॅक्सी थांबली की रडं चालू! बरी होत चाललेली जखम पुन्हा का रक्ताळते, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हटलं, वाचून बघू.

गोष्ट अशी की जखमेतून पाझरणारा द्राव गॉझच्या भोकांत शिरतो आणि वाळतो. खाली नव्या कातडीच्या पेशी कडेकडेने सरकत जखम झाकत असतात, त्याही या वाळलेल्या थरात अडकतात. गॉझ ओढला की त्या उपटल्या जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर फार टाइट कपलिंग. एक भाग बदलायला गेलं की दुसरा मोडतो.

मग पेशीला चिकटायचं की नाही हे कोण ठरवतं? इथे मजा आहे. पेशी सहसा थेट पृष्ठभागाला चिकटतच नाही. आधी द्रावातली प्रथिनं काही सेकंदांत पृष्ठभागावर बसतात आणि पेशी त्या प्रथिनांना धरते. फायब्रोनेक्टिन नावाच्या प्रथिनात ती नेमकं काय धरते, तर जेमतेम तीन अमिनो आम्लांचा तुकडा. हे 1984 मध्ये कळलं. म्हणजे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा पॉलिमरचा थर दिला आणि प्रथिनांना बसू दिलं नाही, तर पेशींना पाय ठेवायला जागाच उरत नाही. पॉलिएथिलिन ग्लायकॉलचा थर हेच करतो. तो पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनं लांब राहतात.

जपानमध्ये तेरुओ ओकानो यांच्या गटाने याच्याही पुढची गंमत केली. त्यांचा पॉलिमर सुमारे 32 अंश सेल्सिअसला स्वभाव बदलतो. 37 अंशांना पेशी त्यावर मस्त वाढतात; थंड केलं की तो पाणी पिऊन फुगतो आणि पेशींची अख्खी चादर न फाटता सुटते. थर साधारण 20 नॅनोमीटरचा हवा. जास्त जाड झाला तर पेशी मुळात बसतच नाहीत.

हे वाचून भारी वाटलं, पण खरा धक्का घराजवळच बसला. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी 1985 मध्ये 'बर्न्स' या नियतकालिकात एक उपाय मांडला होता: उकडलेल्या बटाट्याची सालं! गॉझच्या पट्टीवर सालं लावायची, पट्टी निर्जंतुक करायची आणि सालाची आतली बाजू जखमेवर ठेवायची. 1990 मध्ये त्यांच्या गटाने भाजलेल्या जागेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सालाखाली जखम वाळत नव्हती, वरच्या पेशी जगत होत्या आणि नवी कातडी लवकर येत होती. पुढे 2003 मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीचं पान आणि बटाट्याची साल यांची तुलना केली. गुण दोघांचाही सारखाच, आणि पान बऱ्याच पटीने स्वस्त.

आता बघा, केळीच्या पानावरचं आवरण म्हणजे क्युटिन आणि मेण. बटाट्याच्या सालीत सुबेरिन. क्युटिन आणि सुबेरिन दोन्ही पॉलिमरच. झाडाने पाणी राखायला बनवलेले पातळ थर! ओकानोंच्या थराइतके हुशार नाहीत ते, पेशींशी बोलत नाहीत. पण ओल धरून ठेवतात आणि गॉझसारखी भोकं नसल्याने जखमेला घट्ट पकडत नाहीत. चिकटण्यापेक्षा वेळेवर सोडणं महत्त्वाचं, हे दोन्हीकडे सारखंच.

आज सिलिकॉनचा थर दिलेल्या, जखमेला न चिकटणाऱ्या जाळ्या औषधांच्या दुकानात मिळतात. पण भाजलेल्या माणसाला ड्रेसिंग एकदा नाही, अनेकदा लागतं आणि दर वेळी बिल होतं. केसवानी आणि गोरे यांनी मुंबईच्या वॉर्डात बसून हाच हिशोब मांडला: परवडत नाही म्हणून कुणाची नवी कातडी उपटली जाऊ नये.

आणि हो, हे वाचून दादरच्या बाजारातलं पान आणून जखमेवर बांधू नका! ती पानं निर्जंतुक केलेली होती आणि बांधणारे डॉक्टर होते. घरी भाजलं तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. मग डॉक्टरकडे जा. आणि ड्रेसिंग सुरू होण्याआधी एवढं जरूर विचारा, "न चिकटणारं काही लावता येईल का?" प्रश्न साधा आहे, पण लहान पोराचं बरंच रडणं त्याने वाचू शकतं.